कोल्ड स्टोरेजमधली ट्रायल

तुम्ही जॅकेट घेताना आरशात बघत असाल, आमच्याकडे तसं नसतं. कॅनडाला शिकायला जायचं ठरलं आणि जॅकेटसाठी दुकानं पालथी घालून मी पार थकले. पप्पांचा मात्र एकाही दुकानदारावर विश्वास नाही. शेवटी परत करायच्या बोलीवर एक जॅकेट आणलं आणि त्यांनी मला थेट ओळखीतल्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उभं केलं.

"थांब जरा आत, कळेल," म्हणत त्यांनी दार लोटलं. ते धाडकन लागलं आणि आत मिट्ट काळोख.

"पप्पा, उघडा! पप्पा!"

दार उघडलं तशी मी घाबरीघुबरी होऊन बाहेर धावले. पप्पांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि खुशीत आईला फोन केला, "अगं, एवढ्या गारठ्यात पोरीला घाम फुटलाय. हेच घेऊ!"