भोईरमामांची लाल खूण

हसू नका, पण हे आधी कुणाला सांगितलेलं नाही. नव्वदच्या सुमारास मी कोलशेतच्या एका कंपनीत गाड्यांचा सुपरवायझर होतो. प्रत्येक गाडीत एक यंत्र असायचं. दिवसभराचा वेग ते गोल कागदावर रेघ ओढून दाखवायचं. रेघ साठच्या वर गेली की मी लाल खूण करून कागद नोटीस बोर्डावर लावायचो.

एकदा सगळ्या ड्रायव्हरांसमोर भोईरमामांना झापलं. वयानं माझ्या वडिलांएवढा माणूस.

"पंच्याऐंशी, मामा? लोकांच्या जिवाची काही पर्वा?"

"चुकला साहेब," म्हणाले आणि सही केली.

कागद बोर्डावर टोचताना तारीख पाहिली. मंगळवार, सकाळचे दहा. तेव्हा शेजारी मीच बसलेलो. ठाण्यात सुरक्षा सप्ताहाचं माझं भाषण होतं, म्हणून "मामा, दामटा जरा" म्हणत होतो.

खाली धावलो. "मामा, तेव्हाच का नाही बोललात?"

मामा काच पुसत राहिले. "सगल्यांसमोर कसा सांगू साहेब? उद्या तुमचा कोन ऐकल?"

कागद मी गुपचूप काढला. का काढला, ते विचारणाऱ्यांना म्हटलं, "मामांना या वेळी माफ केलं."