भोंगा फक्त टोर्नेडोसाठी

मी, लॉरेटा हॅगेडॉर्न, वय ५८, धंदा शाळेची बस चालवणे, राहणार मिल रोड, ऑल्डरक्रीक, आयोवा, डेप्युटी कर्ट यांनी बोलावल्यावरून ठाण्यात हजर होऊन सांगते की, वादळावर नजर ठेवून हवामान खात्याला कळवण्याचं शिक्षण मी घेतलेलं आहे आणि हे काम मी बावीस वर्षं फुकट करते. माझ्यावर खोटी खबर दिल्याची तक्रार आहे. तक्रारदार वेंडेल प्रॉब्स्ट हा जिल्ह्याचा आपत्ती अधिकारी. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. तेव्हाही तो गाढवच होता.

शनिवारी दुपारी मी गावाच्या पश्चिमेला टेकडीवर गाडी लावून उभी होते. समोरून काळ्या ढगाची फळी सरकत येत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गडगडाटी ढगांची अशी रांग जमली की तिच्यापुढे वारा सरळ रेषेत सुटतो आणि शेकडो मैल थांबत नाही. आम्ही त्याला डेरेचो म्हणतो. टोर्नेडो गरगर फिरत एक पट्टा साफ करतो, हा अख्खा जिल्हा आडवा करतो. पलीकडच्या गावाहून रेडिओवर ताशी शंभर मैलांचा वारा कळला होता. त्या वेळी जत्रेच्या मोठ्या तंबूत गावातली माणसं मुलाबाळांसकट वासरांचं प्रदर्शन बघत होती. वेंडेल तिथेच होता. मी त्याला फोन लावला.

"वेंडेल, भोंगा वाजव. तंबू रिकामा कर."

"फिरतंय का ते?"

"नाही. सरळ येतंय."

"मग भोंगा नाही. भोंगा फक्त टोर्नेडोसाठी. इशारा गेलाय सगळ्यांच्या फोनवर."

"अरे, तिथे बँड वाजतोय. फोन कोण बघतंय?"

"लॉरेटा, तू ना, ढग दिसला की सुटतेस. आत्ता बक्षिसं वाटायचीत."

त्याने फोन ठेवला.

मग मी नियंत्रण कक्षाला कळवलं की टोर्नेडो जमिनीला टेकलाय आणि जत्रेकडे निघालाय. टोर्नेडो नव्हता. हे मी पूर्ण शुद्धीत, जाणूनबुजून सांगितलं. त्याची मला लाज वाटत नाही, संताप येतो. खरं सांगितलं तेव्हा कुणी जागचं हललं नाही.

भोंगा वाजला. माणसं उठून शेजारच्या पक्क्या इमारतीत पळाली. वेंडेल सगळ्यांच्या पुढे होता, असं मला नंतर चार जणांनी सांगितलं. मग वारा आला. तंबूचं कापड मक्याच्या शेतात सापडलं. मधला लोखंडी खांब पहिल्या बाकावर पडला. पहिल्या बाकावर अधिकारी बसतात.

तक्रारदाराचं म्हणणं आहे की पळापळीत त्याचा गुडघा सोलला आणि पाहणीत टोर्नेडोचा मागमूस लागला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

माझं वादळ-निरीक्षकाचं ओळखपत्र काढून घेतलं आहे. पुन्हा तसंच आभाळ दिसलं तर मी पुन्हा टोर्नेडोच म्हणेन.

हा जबाब कर्टने मला मोठ्याने वाचून दाखवला. 'गाढव' हा शब्द त्याने गाळला होता, तो परत घालायला लावला. बाकी सगळं मी बोलले तसंच आहे. सही करण्याआधी एवढंच आणखी लिहून घ्यावं: तक्रारदार ही तक्रार द्यायला स्वतःच्या पायांनी चालत आला.