दुपारी बारा पन्नासला लावलेली औषधांची खिडकी

मी, प्राप्ती हरेश्वर भगत, वय ३८ वर्षे, व्यवसाय नोकरी (सरकारी दवाखान्यात औषधे देणे), रा. खारआळी, जि. रायगड.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, आमच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर दोन माणसं हवीत. चौदा महिने मी एकटीच आहे. आज दुपारपर्यंत एकशे ऐंशी चिठ्ठ्या झाल्या. सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, कारण प्यायलं की उठावं लागतं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या गोळ्यांच्या पट्टीला मी कात्रीने खाच पाडते. एक खाच म्हणजे सकाळी एक गोळी. दोन खाचा म्हणजे सकाळ-संध्याकाळ. ही पद्धत कुठल्या नियमात नाही, माझी आहे. पुढे कोणी विचारण्याआधी सांगून टाकते.

१२.५० वाजता कात्री खाली ठेवताना लक्षात आलं की, दिघीच्या आवडाबाईंच्या साखर कमी करायच्या गोळ्यांच्या पट्टीला मी दोन खाचा पाडल्या.  त्यांना ती फक्त सकाळी. वय सत्तरच्या पुढे, रात्री चतकोर भाकरी खातात. संध्याकाळी जास्तीची गोळी गेली असती तर सकाळी उठल्या नसत्या. त्यांच्याकडे फोन नाही. मी खिडकी लावली आणि दिघीची बोट सुटते त्या आगरदांड्याच्या जेटीवर रिक्षाने गेले. रांगेतल्या लोकांना काही सांगितलं नाही. तेवढा जीवच उरला नव्हता.

मी गेल्यावर विनेश नावाच्या इसमाने खिडकीची काच फोडली, असे मला नंतर कळले.

आवडाबाई जेटीवर बोटीची वाट बघत बसल्या होत्या. मी चूक सांगून पट्टी परत मागितली. त्या म्हणाल्या, "अगो बाय, आज तू मना जेवलीस का म्हणून इचारलं न्हाय. तवाच म्हटलं, हिचं चित्त थाऱ्यावर न्हाय. गावच्या आशाताईला दाखवल्याबिगर मी गोली घेणार नव्हते." मग पिशवीतलं केळं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. मी तिथेच बसून रडले. हे लिहायची गरज नसेल तर लिहू नका.

विनेशची आई नऊपासून रांगेत होती. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याच्या जागी मीही फोडली असती. मोठ्या डॉक्टरांनी माझी चूक लेखी मागितली आहे, ती देणार. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. उद्या नऊला खिडकी मीच उघडणार, दुसरं आहे कोण?

माझा जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. पहिल्यांदा ऐकताना मला डोळा लागला, म्हणून पुन्हा वाचायला लावला. मी सांगितला तसाच लिहिला आहे.