बारा तालुके, एक आलेख आणि दातीरांचा मेमो

मंगळवार, सतरा जून, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

मंडळी, शोकसभेत अशी सुरुवात करत नाहीत हे मला कळतं. बोलणं किती जड जातंय ते आधी सांगायचं असतं. जातंय. समोर दातीरांच्या पत्नी, शैलजाताई बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून मला बोलवत नाही. म्हणून मी पहिल्या रांगेतल्या आपल्या विभागप्रमुखांकडे बघून बोलते. तिकडे बघितलं की शब्द आपोआप सुचतात.

जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगते. या संस्थेच्या संगणक कक्षात मी दातीरांच्या शेजारच्या टेबलावर अठरा वर्षं काम केलं. गेल्या जूनअखेर निवृत्त झाले.

दातीरांचं काम विहिरींच्या पाण्याचे आलेख काढण्याचं. आलेख कुठे काढायचा ते संगणकाला आधी सांगावं लागतं. पडद्यावर, पेनं फिरवणाऱ्या प्लॉटरवर, की फाइलमध्ये? फाइलमध्ये असेल, तर तिला नाव द्यावं लागतं. नाही दिलं, तर ते सॉफ्टवेअर स्वतःच एक नाव देतं. दर वेळी तेच. मग दुसरा आलेख पहिल्याच्या जागी जाऊन बसतो, आणि पहिला पुसला जातो. घंटा वाजत नाही. कुणाला कळतसुद्धा नाही.

म्हणून दातीरांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. नाव सांगितल्याशिवाय तो पुढे सरकायचाच नाही. तालुका, महिना, काढणाऱ्याची आद्याक्षरं. दातीर ते नाव मोठ्याने म्हणायचे. मी ते परत म्हणायचं, वहीत लिहायचं, मगच ते बटण दाबायचे. बाहेरून जाणारे म्हणायचे, "चाललं यांचं मंत्रपुष्प!" म्हणू देत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर बिननावाची वही उघडूनसुद्धा बघत नसत. दातीर मला पहिल्या दिवसापासून शहाणे वाटले.

घरीही तेच. मंडईतून डाळी आणल्या की डब्यांवर चिठ्ठ्या. शैलजाताई म्हणायच्या, "आता मला एक चिठ्ठी लावली, की यांचं घर पूर्ण झालं."

मग आले आपले साहेब. सॉफ्टवेअर कंपनीतून, विभागप्रमुख म्हणून. त्या सतरा जूनच्या मंगळवारी कक्षाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अहो दातीर, हे यंत्र दर वेळी नाव काय विचारतं? बारसं आहे का?"

दातीर म्हणाले, "साहेब, बारा तालुके आहेत. वर्गातल्या बारा मुलांचं नाव एकच ठेवलं, तर हजेरी कशी घ्यायची?"

"अहवालाची बैठक परवा आहे. काढून टाका तो प्रोग्राम. सगळं थेट फाइलमध्ये जाऊ दे. कंपनीत आम्ही असले लाड करत नव्हतो."

"आलेख एकमेकांवर जातील, साहेब."

"तुम्ही फार विचार करता, दातीर."

दातीरांनी प्रोग्राम काढला. पण सवयीने मोठ्याने म्हणाले, "तीन दहा. नाव विचारणं बंद. साहेबांच्या सांगण्यावरून." मी परत म्हटलं. वहीत लिहिलं. साहेब अजून दारातच होते. आठवतंय ना, साहेब?

मग साहेबांनी दातीरांना वर नेलं, भाषणाच्या स्लाइड करायला. आलेख काढले साहेबांनीच आणलेल्या कंत्राटी ऑपरेटरने. एकामागून एक बारा. एकाच नावाने. उरला तो शेवटचा, आणि तोच अहवालात बारा ठिकाणी छापला गेला. खाली नावं मात्र बारा तालुक्यांची. गुरुवारच्या बैठकीत एका वयस्कर इंजिनियरांनी चष्मा पुसून विचारलं, "पावसाच्या मुळशीत आणि कोरड्या दौंडला सारखंच पाणी? हे कधीपासून?" सगळं सभागृह हसलं.

नोंदी शाबूत होत्या. शनिवारी सुट्टीच्या दिवशी दातीरांनी एकट्याने बाराच्या बारा आलेख पुन्हा काढले, नावं घालून. सोमवारी त्यांच्या टेबलावर काय आलं? आभाराचं पत्र? मेमो आला. "कामातील अक्षम्य निष्काळजीपणा." सही आपलीच, साहेब.

दातीरांनी उत्तर दिलं. वहीतल्या पानाची झेरॉक्स जोडली. आवक विभागाचा शिक्का घेतला. त्याला आठ महिने झाले.

आणि मी? मी काय केलं? ती वही घेऊन संचालकांकडे जायला हवं होतं मी. महिनाअखेर माझा निरोप समारंभ होता. मी साहेबांच्या हातून शाल घेतली, सामोसा खाल्ला आणि घरी गेले. हे मी आज सगळ्यांसमोर सांगते, कारण दातीरांनी मला ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

जानेवारीत ते स्वारगेटला बसच्या रांगेत भेटले. मी विचारलं, "आलं का हो उत्तर?" म्हणाले, "नाही अजून. पण आवक क्रमांक पडलाय, बाई. म्हणजे वाचतील." त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

दातीर हृदयविकाराने गेले. मेमोने गेले, असं मी म्हणणार नाही. मी इथे खोटं बोलायला आलेले नाही. पण तो कागद डोक्यावर घेऊन गेले, हे खरं आहे. त्यांच्या सेवापुस्तकात तो आजही लावलेला आहे.

आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, याच माईकवरून साहेब काय म्हणाले? "दातीर म्हणजे काटेकोरपणाचा आदर्श." ऐकलंत ना सगळ्यांनी? सेवापुस्तकात निष्काळजी, शोकसभेत काटेकोर. माणूस जिवंत असताना एक, हार घातल्यावर दुसरं. साहेब, दोन्हींतलं एक खोटं आहे. कोणतं, ते लिहून द्या.

आता आपण सगळे उभे राहू आणि दातीरांसाठी दोन मिनिटं शांत राहू. साहेब, आपणही राहा. आपल्याला आठ महिन्यांचा सराव आहे. त्यानंतर मात्र मेमो मागे घेतल्याचं पत्र, आपल्या सहीशिक्क्यानिशी, येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत शैलजाताईंच्या हातात पडलं पाहिजे. तोंडी चालणार नाही.

उठा, मंडळी.