उंबऱ्यावरचा खिळा

सोलापूर स्टेशनात तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी खिडकीतल्या मास्तरांशी बोलत होती.

"बाराची मुंबई गाडी कुटं लागलीया, मास्तर?"

"गेली की. पाव तास झाला."

"खोटं बोलू नगा! उंबऱ्यावरच्या खिळ्याला सावली भिडली की बारा. मी त्याआदीच निगाले."

"आजी, रेल्वेची वेळ पूर्वेकडच्या मुलखावरनं धरतात. सूर्य तिकडं आधी माथ्यावर येतो, सोलापुरात अर्ध्या तासानं."

"माजा ल्योक ज्ञानू हुता वो त्या गाडीत. आफ्रिकेला चाललाय, पाच वर्सांसाटी. ही भाकरी द्यायची ऱ्हायली."

"आता काय करणार, आजी?"

"तितं सूर्य कवा येतो?"

"आफ्रिकेत? आपल्यानंतर तीन तासांनी."

"मंजी तितं बारा वाजायला लई येळ हाय. तितलं तिकीट द्या."