तिसरी बॅटरी

...नाही, म्हणजे तिसरी नवी बॅटरी बसवूनही मोटरसायकल गोंडपिपरीच्या अलीकडे बंद पडावी, हे तुम्हीच सांगा, बरोबर आहे का? आणि राहतो कुठे मी, तर वीज केंद्राच्या ऊर्जानगरात. कुठकुठल्या शहरांचे दिवे इथल्या विजेवर लागतात आणि माझा इंडिकेटर काजव्यासारखा... काजवाही बरा हो, तो निदान लुकलुकतो. बरं, शेजारी सगळे वीजवाले. भिंतीपलीकडचा सुनिल टर्बाइनवर. त्यानं मीटर लावला नाही, गाडीला हात लावला नाही, फाटकातूनच निकाल दिला : "बॅटरी गेली, भाऊ." पहिल्या वेळी तेच, दुसऱ्या वेळी तेच. मी आपला आणतोय नवी.

तुम्हाला सांगतो, ही गाडी बायकोची, ज्योत्स्नाची. कागद माझ्या नावावर, पण मागं बसून चालवायची ती... हळू, गाय आली, आता वळवा. तिला जाऊन दीड वर्ष झालं. पहिल्या पुण्यस्मरणाच्या आधी मी अख्खी गाडी सुटी करून सांगाडा स्वतःच्या हातानं रंगवला. तोच निळा, दोन हात, एक कोपरा सोडला नाही. आणि तेव्हापासून हे सुरू. आमची नंदिनी असते आलापल्लीला, तिनं फोनवर बजावलं की बाबा, आणखी एकदा रस्त्यात अडकलात तर गाडी भंगारात. पोरगी आईवर गेलीय, बोलली की करते.

शेवटी ढकलत नेली नूर मोहम्मदच्या गॅरेजात. म्हटलं, बॅटरी गेली. त्यानं तिन्हींची कहाणी शांतपणे ऐकली.

"सर, बॅटरीले काऊन बदनाम करून राह्यले?"

मीटर लावला. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्ट, ठीक. चालू करून रेस दिली की चौदा व्हायला हवेत... काटा हलेना. म्हणजे बॅटरी भरतच नव्हती! नवी आणा, रिकामी करा, पुन्हा नवी आणा, सहा महिने माझा हाच उद्योग. मग कॉइल तपासली, वीज तयार होत होती. ती बॅटरीपर्यंत पोचवणारा रेग्युलेटर बदलून पाहिला, तरी तेच. मग त्यानं साधी एक तार घेतली, एक टोक रेग्युलेटरच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला... आणि काटा चढला हो, चौदाच्याही वर!

रेग्युलेटरचा बोल्ट काढला. खाली निळा रंग, दोन हात.

"अर्थिंग इथूनच भेटते याले. आता लोखंडाले लोखंड लागूनच नाई राह्यलं. कोनं रंगवलं?"

मी. कोपरा सोडला नव्हता ना. ज्योत्स्ना असती तर म्हणाली असती, तुमचं सगळं अतीच असते. पॉलिशपेपर मी त्याच्याकडून मागून घेतला आणि रुपयाएवढी जागा घासली. रुपयाएवढीच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हेडलाईट लावून आलापल्लीला निघालो. गोंडपिपरी मागं पडली, आष्टी मागं पडली... वाटेत दहा जणांनी हातानं खुणावलं, लाईट चालू आहे, लाईट चालू आहे. माहीत आहे मला, त्यासाठीच तर निघालोय! नंदिनीनं दारातून आधी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन चहा ठेवला. भंगाराचा विषय संपला.

परतलो तसाच, दिवा लावून. फाटकात सुनिल उभा. म्हटलं, बघ.

त्यानं पाहिलं. मान हलवली.

"लाईट बंद करा, भाऊ. बॅटरी जाईल."

केली बंद. शेजारी आहे, काय करता.