पाचव्या तारेचा कौल

आधी शब्द नीट समजून घ्या. कौल म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाला विचारलेला प्रश्न. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरे. माणसाची बुद्धी संपते तिथे कौल सुरू होतो, ही त्या शब्दाची अट. आमच्या बाबीने ती पायदळी तुडवली.

आमच्या ऑर्केस्ट्रासाठी त्याने गोव्याहून दोन जुन्या, पाच तारांच्या बास गिटारी आणल्या होत्या. एक ठेवायची, दुसरी परत करायची. न वाजवताच हा त्या घेऊन देवळात हजर! उजवी पाकळी काळ्या गिटारीची, डावी तांबडीची.

"बाबी, देवान तुका कान कित्याक दिले रे?" मी कडाडलो.

"बिडी ठेवूक, मास्तरानू!"

सगळे देऊळ हसले. पाकळ्या मात्र हलेनात. गुरव कंटाळला.

"देव गप्प आसा, म्हणजे तांबडीच," बाबी म्हणाला. रंग त्याच्या मनात आधीच भरला होता.

संतापून मीच दोन्हींची पाचवी, सर्वांत जाड तार छेडली. तांबडीची नुसती फडफडली. काळीचा खर्ज लाकडात घुमत राहिला. काळी ठेवली.

मास्तरांनी देवाचा कौल मोडला, असे लोक अजून सांगतात. साफ चूक! कौल झालाच नव्हता. कान शाबूत असलेल्या माणसाला देवाने उत्तर नाकारले होते.